ज्ञान वाटणाऱ्यांचा मेळावा

जगभरचे संगणकतज्ज्ञ दरवर्षी बेल्जियम देशातील ब्रुसेल्स शहरात एकत्र येतात. आपण केलेले काम ते सर्वांपुढे उघडे करून ठेवतात. हा मेळावा कसा भरतो, तेथे काय काय चालते आणि तुमच्या-आमच्या भाषांशी त्याचा काय संबंध आहे, याची माहिती या पाठात दिली आहे.

मेळावा म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे किती तरी चित्रे उभी राहतात. गावची जत्रा, पिराचा उरूस, ग्रंथप्रदर्शन, साहित्य संमेलन आणि रात्रभर रंगणारा मुशायरा! मुशायऱ्यात शायर आपली नवी रचना ऐकवतो. जाणकार श्रोते दाद देतात. एखादा शेर कच्चा असेल, तर श्रोत्यांच्या शांततेवरून शायराला तेही कळते. घरी जाऊन तो त्यावर पुन्हा विचार करतो. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांचाही असाच एक मेळावा भरतो. त्याचे नाव 'फॉसडेम'.

फॉसडेम हा मेळावा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीस, शनिवारी आणि रविवारी भरतो. ब्रुसेल्सच्या मुक्त विद्यापीठाच्या आवारात तो होतो. या मेळाव्याला तिकीट नाही. आधी नाव नोंदवावे लागत नाही. दारावर 'तुम्ही कोण?' असे कोणी विचारत नाही. विद्यार्थी असो, प्राध्यापक असो, मोठ्या कंपनीचा अभियंता असो, की नुसता हौशी माणूस असो, दार सर्वांना सारखेच उघडे असते. नोंदणीच नसल्यामुळे नेमके किती लोक आले, हे मोजता येत नाही. तरी ८००० हून अधिक लोक येतात, असा अंदाज आहे.

दोन दिवसांच्या या मेळाव्यासाठी इतके लोक थंडीत, पदरचे पैसे खर्च करून का येतात? हे समजण्यासाठी आधी एक साधी गोष्ट समजून घेतली पाहिजे.

तुम्ही बाजारातून एक कुडता विकत आणला, असे समजा. घरी आल्यावर बाह्या लांब वाटल्या. तुम्ही काय कराल? गल्लीतल्या शिंप्याकडे जाल. तो शिवण उसवील, बाही आखूड करील आणि पुन्हा टाके घालील. आता अशी कल्पना करा, की कुडत्याबरोबर एक करारपत्रही आले. त्यात अटी लिहिल्या आहेत. या कुडत्याची शिवण कोणी उसवू नये. तो कसा बेतला आहे, हे कोणी पाहू नये. धाकट्या भावाला तो घालायला देऊ नये. असा कुडता तुम्ही घ्याल का? नाही ना? संगणकाच्या जगात मात्र असे करार नेहमीचेच आहेत.

संगणक स्वतःच्या बुद्धीने काही करत नाही. माणसाने त्याला पायरी पायरीने आज्ञा द्याव्या लागतात. या आज्ञांच्या संचाला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. माणूस या आज्ञा एका खास भाषेत लिहितो. ती भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या माणसालाही त्या वाचता येतात. या मूळ लिखाणाला 'सोर्स कोड' असे नाव आहे. पण यंत्राला शून्य आणि एक या दोनच अंकांची भाषा कळते. म्हणून मूळ लिखाणाचे त्या भाषेत रूपांतर करावे लागते. अनेक कंपन्या ग्राहकाला फक्त हे रूपांतर देतात आणि मूळ लिखाण कुलपात ठेवतात. मग आत काय चालले आहे, हे ग्राहकाला कळत नाही. चूक दिसली, तरी ती दुरुस्त करता येत नाही. आपल्या भाषेची सोय हवी असली, तरी ती करून घेता येत नाही.

काही लोकांना ही रीत पटली नाही. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन हे त्यांपैकी एक. १९८३ साली त्यांनी 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. सर्वांना वापरता येईल, वाचता येईल, बदलता येईल आणि वाटता येईल, अशा आज्ञावलींचा पूर्ण संच तयार करायचा, हा त्यांचा संकल्प होता. १९८५ साली त्यांनी 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली. १९८९ साली त्यांनी एक विशेष परवाना तयार केला. त्याचा आशय असा : ही आज्ञावली खुशाल घ्या, हवी तशी बदला, पण बदललेली आज्ञावली दुसऱ्याला द्याल, तेव्हा तुम्हांला मिळालेले सर्व हक्क त्यालाही द्या. विहिरीचे पाणी स्वतः प्यावे आणि पुढच्याला दोर काढून न्यावा, असे येथे चालत नाही.

इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाचे दोन अर्थ होतात. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्यांचा नेहमी गोंधळ होतो. आपल्याला ती अडचण नाही. उर्दूत 'मुफ्त' हा शब्द वेगळा आणि 'आझाद' हा शब्द वेगळा. मराठीतही 'मोफत' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. मराठीतील 'मोफत' हा तर तुमच्या 'मुफ्त'चाच भाऊ. दोघेही फारसीतून आले आहेत. येथे 'फ्री' म्हणजे आझाद, मुक्त. अशी आज्ञावली बहुधा मोफतही मिळते. पण तिचे खरे मोल तिच्या मोकळेपणात आहे.

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण लिहीत असलेल्या एका कार्यप्रणालीची घोषणा केली. हौस म्हणून हे काम चालू आहे, असे त्याने म्हटले होते. पुढल्या वर्षी त्याने ती स्टॉलमन यांच्या परवान्याखाली खुली केली. हीच 'लिनक्स'. जगभरच्या लोकांनी तिच्यात भर घातली. आज तुमच्या घरातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी निघते. २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून त्या यादीतील सर्व महासंगणक लिनक्सवर चालतात. २०२१ साली मंगळावर एक छोटे हेलिकॉप्टर उडाले. त्यातही लिनक्स होती. एका विद्यार्थ्याने हौसेने लावलेल्या रोपाचा असा वटवृक्ष झाला.

१९९८ साली अशा आज्ञावलींसाठी 'ओपन सोर्स', म्हणजे खुला स्रोत, हे नाव पुढे आले. त्यानंतर ब्रुसेल्समध्ये पहिला मेळावा भरला. तो सुरू करणाऱ्या तरुणाचे नाव राफाएल बोदुआँ. आज्ञावली लिहिण्यात आपण फार मोठी भर घालू शकणार नाही, असे त्याला वाटत होते. मग आपण काय करू शकतो? लिहिणाऱ्यांना एकत्र तर आणू शकतो! या विचारातून त्याने सोबती जमवले आणि मेळावा भरवला. सुरुवातीला मेळाव्याचे नाव 'ओएसडेम' होते. पुढे स्टॉलमन यांच्या आग्रहावरून त्यात 'फ्री' या शब्दाचा 'एफ' जोडला गेला आणि 'फॉसडेम' हे नाव रूढ झाले. ज्याला स्वतःला गाता येत नाही, त्यानेही मैफल सजवावी, तसेच हे झाले.

चला, आता आपण या मेळाव्यात एक फेरफटका मारू या.

ब्रुसेल्स ही बेल्जियमची राजधानी. या शहरात फ्रेंच आणि डच अशा दोन राजभाषा आहेत. रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात. फेब्रुवारीत तेथे कडाक्याची थंडी असते. आभाळ भरून आलेले असते आणि पावसाची भुरभुर चालू असते. शनिवारी सकाळी विद्यापीठाकडे जाणाऱ्या ट्रॅम आणि बस पाठीवर पिशव्या घेतलेल्या लोकांनी भरून जातात. कोणाला रस्ता विचारायची गरजच पडत नाही. सगळे चालले आहेत, त्या दिशेने चालू लागावे.

आवारातील इमारतींना अक्षरांची नावे आहेत. सगळ्यांत मोठे सभागृह 'जान्सन'. त्यात सुमारे १४०० माणसे बसतात. सकाळी साडेनऊच्या सुमारास येथे स्वागताचे भाषण होते. मग एकाच वेळी अनेक खोल्यांत व्याख्याने सुरू होतात. मोठ्या सभागृहातील व्याख्याने पन्नास मिनिटांची, तर लहान खोल्यांतील काही पंधरा-वीस मिनिटांचीच असतात. अलीकडच्या वर्षांत दोन दिवसांत ८०० हून अधिक व्याख्याने होतात. एक माणूस त्यांतली फार तर वीस-पंचवीस ऐकू शकेल. म्हणून काय ऐकायचे आणि काय सोडायचे, हे आधी ठरवून यावे लागते.

एकेका विषयाला एकेक खोली दिलेली असते. एका खोलीत माहितीचा साठा नीट कसा ठेवावा, यावर चर्चा चालते. दुसरीत संगणकाची सुरक्षितता, तिसरीत नकाशे, चौथीत भाषांतर. त्या त्या खोलीचा कार्यक्रम त्या त्या विषयाचे जाणकारच आखतात. खोली भरली, की दारावर 'जागा नाही' अशी पाटी लागते. आग लागली तर बाहेर पडता यावे, म्हणून वाटेत कोणाला उभे राहू देत नाहीत. एक माणूस बाहेर आला, की एक आत जातो. नेहमी येणारे लोक यावर एक युक्ती करतात. हव्या असलेल्या व्याख्यानाच्या आधीचे व्याख्यानही ते त्याच खोलीत बसून ऐकतात. त्यामुळे जागा तर मिळतेच, शिवाय कधी कधी न ठरवलेला विषयच अधिक आवडून जातो!

व्हरांड्यांत दोन्ही बाजूंना टेबले मांडलेली असतात. प्रत्येक टेबलावर एका प्रकल्पाचे लोक उभे असतात. कोणी 'लिब्रेऑफिस' दाखवतो. पत्रे, निबंध, हिशेब यांसाठी तो वापरता येतो. कोणी 'फायरफॉक्स'विषयी सांगतो. 'व्हीएलसी' या चित्रफिती दाखवणाऱ्या आज्ञावलीचे चिन्ह रस्त्यावर ठेवतात तसला नारिंगी-पांढरा शंकू आहे. तिचे लोक डोक्यावर तसल्याच शंकूच्या टोप्या घालून हिंडतात. ही आज्ञावली १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मली. आज ती जगभर वापरली जाते. टेबलावर चिकटवायची रंगीत चित्रे ठेवलेली असतात. लोक ती आपल्या संगणकाच्या पाठीवर हौसेने लावतात.

पण जाणकार म्हणतात, खरा मेळावा व्हरांड्यात आणि अंगणात भरतो. बाहेर गाड्यांवर बटाट्याचे तळलेले काप आणि गरम वाफल मिळतात. ते खात खात ओळखी होतात. वर्षानुवर्षे एकत्र काम करणारी दोन माणसे येथे प्रथमच एकमेकांचा चेहरा पाहतात. तोवर एकाला दुसऱ्याचे फक्त नाव आणि काम माहीत असते. पत्रांतून महिनाभर चाललेला वाद समोरासमोर बसल्यावर दहा मिनिटांत मिटतो. 'ही चूक मला सापडली आहे', असे एखादा नवखा सांगतो आणि ऐकणारा नेमका ती आज्ञावली लिहिणाराच निघतो.

येथली आणखी एक गोष्ट तुम्हांला आवडेल. मेळाव्यात सर्व जण इंग्रजीत बोलतात. पण पुष्कळांची ती मातृभाषा नसते. घरी फ्रेंच, जर्मन, डच किंवा पोर्तुगीज बोलणारे लोक येथे इंग्रजीतून आपले काम समजावून सांगतात. कोणाचे उच्चार वेगळे असतात. कोणी एखाद्या शब्दापाशी अडखळतो. तरी श्रोते शब्दांपेक्षा मुद्द्याकडे लक्ष देतात. दुसरी भाषा शिकताना चुका होतातच. तुम्हांला मराठी बोलताना होतात, तशाच त्यांनाही होतात. सांगण्यासारखे काही जवळ असले, म्हणजे भाषा हळूहळू वाट करून देते.

एवढा मोठा पसारा सांभाळतो कोण? स्वयंसेवक. ते ठरावीक रंगाचे सदरे घालून सगळीकडे दिसतात. कोणी वाट दाखवतो, कोणी दारावर उभा राहतो, कोणी कॅमेरा सांभाळतो. जवळजवळ प्रत्येक व्याख्यानाचे चित्रण होते. ते त्याच वेळी दूरवरच्या लोकांना पाहता येते आणि नंतरही सर्वांसाठी खुले राहते. व्याख्यात्यांना मानधन मिळत नाही. खर्च देणग्यांतून आणि काही संस्थांच्या मदतीतून भागतो. देणगी देणाऱ्याला आठवण म्हणून सदरा मिळतो. रविवारी संध्याकाळी शेवटचे भाषण संपले, की पाहुणेही कचरा उचलायला हात लावतात. सोमवारी त्याच वर्गांत विद्यापीठाचे विद्यार्थी बसायचे असतात ना! अलीकडच्या वर्षांत मुलांसाठीही येथे वेगळ्या कार्यशाळा होऊ लागल्या आहेत. करोनाच्या साथीमुळे २०२१ आणि २०२२ साली मेळावा इंटरनेटवरून भरला. २०२३ साली लोक पुन्हा प्रत्यक्ष भेटले.

येथे तुम्हांला एक शंका येईल. सर्व काही इंटरनेटवरून पाहता येते, तर प्रत्यक्ष जाण्याची गरज काय? या शंकेचे उत्तर २०२४ सालच्या एका घटनेत मिळते.

माहिती घट्ट दाबून लहान करणारी 'एक्स-झेड' नावाची एक खुली आज्ञावली आहे. अनेक लिनक्स संगणकांत ती असते. तिची देखभाल मुख्यतः एकच माणूस करत होता. वेतन नाही, मदतीला कोणी नाही आणि लोकांची सारखी तक्रार, की काम लवकर का होत नाही? तो थकून गेला होता. अशा वेळी एक अनोळखी मदतनीस पुढे आला. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम केले. हळूहळू त्याच्यावर विश्वास बसला आणि किल्ल्या त्याच्याही हाती आल्या. मग त्याने आज्ञावलीत गुपचूप एक चोरदरवाजा बसवला. त्यातून जगभरच्या असंख्य संगणकांत शिरता आले असते.

आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आले, की आपल्या संगणकाशी दुरून जोडणी करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी दिले नाही. ते शोधत शोधत त्या चोरदरवाजापर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सर्वांना सावध केले. नव्या आज्ञावलीचा प्रसार होण्याआधीच संकट टळले.

या घटनेतून दोन गोष्टी कळतात. पहिली ही, की आज्ञावली खुली होती म्हणूनच बाहेरच्या माणसाला आत डोकावून चोरी पकडता आली. कुलूपबंद पेटीत कोणी डोकावले असते? दुसरी गोष्ट अशी, की खुलेपणा एवढ्याने भागत नाही. त्यामागची माणसे जपावी लागतात. थकलेल्याला हात द्यावा लागतो. कोणावर विश्वास ठेवायचा, हेही पारखावे लागते. आपण सगळे ज्या पुलावरून जातो, तो पूल एकच माणूस विनावेतन दुरुस्त करत असेल, तर त्याची चौकशी कोणी करायची? भेटीगाठींमुळे सगळेच प्रश्न सुटतात असे नाही. पण शेजारी बसलेला माणूस थकला आहे, हे भेटल्यावर लवकर कळते.

विश्वासाची ही पारख फॉसडेममध्ये एका वेगळ्या रीतीनेही होत आली आहे. मेळाव्यात अनेक वर्षे एक लांबलचक रांग लागत असे. प्रत्येकाच्या हाती आपले ओळखपत्र आणि एक यादी. रांग दुमडून लोक समोरासमोर उभे राहत आणि एकमेकांची ओळखपत्रे तपासत पुढे सरकत. चेहरा आणि नाव जुळले, की यादीवर खूण. पुढे इंटरनेटवरून त्या माणसाचे पत्र आले, की ते त्याचेच आहे, हे ओळखण्यासाठी या खुणेचा उपयोग होई.

आता आपल्या भाषांकडे वळू या. उर्दूतील 'बे' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे आणि शेवटी तिसरे. नस्तालिक लिपीत तर शब्द उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरत जातो. म्हणून पूर्वी उर्दू वृत्तपत्रे कातिब हाताने लिहीत. यंत्रावर नस्तालिक उमटवण्यासाठी १९८१ साली 'नूरी नस्तालिक' तयार झाले, तेव्हा हजारो जोडाक्षरे एकेक करून लिहावी लागली होती. देवनागरीचीही तीच तऱ्हा. 'कि' या अक्षरात वेलांटी आधी दिसते. पण उच्चार करताना 'क' आधी येतो. 'र्य', 'क्ष', 'त्र' यांची रूपे तर नव्या विद्यार्थ्याला कोडेच वाटतात. मग बिचाऱ्या संगणकाला ती कशी कळावीत?

हे काम 'हर्फबझ' नावाची एक खुली आज्ञावली करते. शेजारी कोणते अक्षर आहे, हे पाहून कोणते रूप कोठे बसवायचे, हे ती ठरवते. तिचे प्रमुख रचनाकार बेहदाद एस्फाहबोद हे इराणमध्ये जन्मले. तिचे नाव फारसी आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे खुले. खुले अक्षर! फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सर्वांत ती आहे. 'नोतो नस्तालिक उर्दू' हा मुक्त परवान्याचा टंक आणि 'लोहित देवनागरी' हा तसाच मराठीचा टंक, या दोघांनाही तीच अक्षरे जुळवून देते. तुमची उर्दूची गझल आणि मराठीचा निबंध पडद्यावर नीट दिसतो, त्यामागे एकच हात आहे. फायदा दिसेल, तरच एखादी कंपनी एखाद्या भाषेची सोय करील. खुल्या आज्ञावलीत मात्र त्या भाषेचे लोक स्वतःच पुढे येऊन सोय करू शकतात. लहान भाषांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

आपल्या देशातही ही वाट रुळली आहे. केरळमधील सरकारी शाळांत संगणकाचे शिक्षण मुक्त आज्ञावलींवर दिले जाते. बंगळूरला 'इंडियाफॉस' नावाचे संमेलन भरते. पुण्यात सिंबायोसिसच्या संगणक संस्थेतील विद्यार्थ्यांनी 'ग्नूनिफाय' हे संमेलन अनेक वर्षे भरवले. मराठी विकिपीडिया २००३ साली आणि उर्दू विकिपीडिया २००४ साली सुरू झाला. दोन्ही ज्ञानकोश खुल्या आज्ञावलीवर चालतात आणि दोन्ही स्वयंसेवक लिहितात.

यासाठी मोठा तज्ज्ञच असावे लागते, असेही नाही. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात मोठा भूकंप झाला. मदत करणाऱ्यांजवळ तेथील गल्ल्यांचे नीट नकाशेच नव्हते. तेव्हा निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रहाची चित्रे पाहिली आणि 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशात रस्ते रेखाटले. काही दिवसांतच बचाव पथके तो नकाशा वापरू लागली. रेखाटणाऱ्यांपैकी अनेकांनी हैती देश कधी पाहिलाही नव्हता.

तुम्हीही अशी सुरुवात करू शकता. आपल्या गावाविषयी विकिपीडियात दोन खरी वाक्ये लिहा. लिब्रेऑफिसमध्ये एखादा मराठी किंवा उर्दू शब्द चुकीचा दिसला, तर शिक्षकांच्या मदतीने तो कळवा. आपल्या मोहल्ल्यातील दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी खुल्या नकाशावर दाखवा. ब्रुसेल्स दूर आहे. पण तेथील व्याख्याने शाळेच्या संगणकावरही ऐकता येतात. पैसा वाटला, तर कमी होतो. ज्ञान मात्र दिल्याने वाढते, असे आपले वडीलधारे सांगत आले. ब्रुसेल्सच्या त्या थंड सकाळी हजारो माणसे याच गोष्टीचा रोकडा अनुभव घेत असतात. त्या रांगेत पुढेमागे तुमच्यापैकीही कोणी उभा असेल किंवा उभी असेल.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फॉसडेम हा मेळावा कोठे भरतो?
(आ) आज्ञावलीच्या मूळ लिखाणाला काय म्हणतात?
(इ) खोली भरल्यावर दारावर कोणती पाटी लागते?

२. कारणे लिहा.
(अ) मेळाव्याला नेमके किती लोक आले, हे मोजता येत नाही.
(आ) नेहमी येणारे लोक आधीचे व्याख्यानही त्याच खोलीत बसून ऐकतात.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कुडत्याच्या उदाहरणातून लेखकाने काय समजावून सांगितले आहे?
(आ) २०२४ सालच्या घटनेतून कोणत्या दोन गोष्टी कळतात?
(इ) 'हर्फबझ' ही आज्ञावली कोणते काम करते?

४. 'मोफत' आणि 'मुक्त' या शब्दांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.

५. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे असे पाच शब्द पाठातून शोधून लिहा.